जॉन कोलमन: ९८ सामने, ५३७ गोल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल पाहायला लागलेल्या वाचकांकडून ‘कोलमन मेडल ज्याच्या नावाचं, तो कोलमन कोण?’ हा प्रश्न सारखा येतो आणि त्याच्यामागोमाग बाकीचे. खेळ अजिबात माहीत नसेल तर प्रश्न २ आणि ३ आधी वाचा, पुढचे आकडे त्याशिवाय कळणार नाहीत.

१. जॉन कोलमन कोण होता?

जॉन डग्लस कोलमन हा एसेंडन क्लबचा फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोर उभा राहून गोल मारणं हेच ज्याचं मुख्य काम असा खेळाडू. जन्म २३ नोव्हेंबर १९२८, व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्ट फेरी या समुद्रकाठच्या गावी. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे व्हीएफएलमध्ये (आजच्या एएफएलचं जुनं नाव), तो १९४९ ते १९५४ असे सहाच मोसम खेळला. ९८ सामने, ५३७ गोल, दोन अजिंक्यपदं. पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ संपला. पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून त्याने आणखी दोन अजिंक्यपदं मिळवून दिली. १९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या तुकडीतल्या १२ जणांना ‘लेजंड’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. कोलमन त्यांत होता. सर्वांत कमी सामन्यांत एवढं मोठं नाव, हे त्याचं वेगळेपण.

२. हा फुटबॉल म्हणजे सॉकर की रग्बी?

दोन्ही नाही. मैदान लंबवर्तुळाकार असतं, बहुतेक मोठ्या क्रिकेट मैदानांवरच हा खेळ होतो. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, जिथे अजिंक्य रहाणेने डिसेंबर २०२० मध्ये ११२ धावा काढल्या, तेच या खेळाचंही मुख्य मैदान. कोलमनच्या सगळ्या ग्रँड फायनल, म्हणजे अजिंक्यपद ठरवणारे अंतिम सामने, तिथेच झाल्या.

प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू. चेंडू रग्बीसारखा लांबट, पण ऑफसाइड नावाची भानगड नाही, त्यामुळे खेळ चालू असताना कोणीही कुठेही जावं. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा. फेकायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मार्क’. कोणीही किक मारलेला चेंडू ठरावीक अंतर (त्या काळी १० यार्ड, आज १५ मीटर) हवेतून आला आणि मधे कोणाचा हात न लागता तुम्ही तो झेलला, तर खेळ तुमच्यापुरता थांबतो. प्रतिस्पर्ध्याला तुमच्या अंगावर येता येत नाही आणि तुम्हाला निवांत किक मिळते. कोलमनची सगळी कारकीर्द या एका नियमाभोवती उभी आहे.

३. स्कोअर १३.१४ (९२) असा लिहितात, तो कसा वाचायचा?

दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच, त्यांच्यातलं अंतर ६.४ मीटर. त्यांच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर एकेक ठेंगणा खांब. हल्ला करणाऱ्या संघाने मारलेली किक कोणाचाही हात किंवा खांब न लागता मधल्या दोन खांबांतून गेली तर गोल, ६ गुण. ती बाजूच्या फटीतून गेली, उंच खांबाला आपटली किंवा वाटेत कोणाचा हात लागला तर ‘बिहाइंड’, १ गुण.

पहिला आकडा गोलांचा, दुसरा बिहाइंडचा, कंसातला एकूण गुणांचा. १३ गोल गुणिले ६ म्हणजे ७८, अधिक १४ म्हणजे ९२.

नवे वाचक हमखास फसतात ते दशांश चिन्हासारख्या टिंबाने. त्याचा दशांशाशी संबंध नाही. ७.२७ हा स्कोअर १०.९ एवढाच असू शकतो, आणि तसं खरोखर झालं. १९४८ च्या ग्रँड फायनलमध्ये एसेंडनने ७.२७ (६९) केले, मेलबर्नने १०.९ (६९). बरोबरी. एसेंडनला ३४ संधी, मेलबर्नला १९. पुढच्या शनिवारी सामना पुन्हा झाला आणि मेलबर्न १३.११ (८९) विरुद्ध ७.८ (५०) असं जिंकलं. समोर येऊन येऊन नेम चुकवणारा संघ अशी एसेंडनची तेव्हाची अवस्था होती. काही महिन्यांनी त्या संघात कोलमन आला. त्याच्याभोवती एवढा गाजावाजा का झाला, याचं अर्धं उत्तर या ७.२७ मध्ये आहे.

४. एसेंडनला येण्याआधी तो कुठे खेळत होता?

मेलबर्नच्या आग्नेयेला मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर हेस्टिंग्ज नावाचं गाव आहे, तिथल्या क्लबकडून. स्थानिक लीगमध्ये त्याने ३७ सामन्यांत २९६ गोल मारले. त्यांतले १६० एकट्या १९४८ च्या मोसमातले, एका सामन्यात तर २३. हे आकडे व्हीएफएलच्या ५३७ मध्ये धरत नाहीत. गावच्या लीगमधले बचावपटू आणि व्हीएफएलमधले बचावपटू यांत फार अंतर होतं, म्हणून १६० या आकड्यावर मेलबर्नमधल्या जाणकारांचाही सरसकट विश्वास नव्हता. एसेंडनच्या सराव सामन्यांना तो त्या वर्षांत येऊन गेला होता, पण मुख्य संघात जागा मिळाली नव्हती.

५. पहिल्याच सामन्यात १२ गोल, हे खरं आहे का?

खरं आहे. १६ एप्रिल १९४९, मोसमाची पहिली फेरी, एसेंडनचं घरचं मैदान विंडी हिल, समोर हॉथॉर्न. पदार्पणात १२ गोल हा विक्रम आजही कायम आहे. आजच्या खेळात आघाडीचा खेळाडू एका सामन्यात पाच मारतो तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो छापून येतो, यावरून अंदाज बांधा.

हॉथॉर्न तेव्हा लीगमधल्या दुबळ्या संघांपैकी एक होता, ही गोष्ट मात्र विक्रम सांगताना गाळू नये. पण दुबळ्या संघाविरुद्ध नव्या पोराने मारलेले गोल म्हणून तो विषय संपत नाही, कारण त्याच मोसमात त्याने पुढे काय केलं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

६. फुल-फॉरवर्ड नेमकं काय करतो आणि कोलमन त्यात वेगळा कसा?

काम ऐकायला सोपं आहे. मधल्या फळीतला सोबती चेंडू घेऊन वर बघतो त्या क्षणी फुल-फॉरवर्ड गोलसमोरची जागा सोडून तिरकस धावत सुटतो. याला ‘लीड’ म्हणतात. सोबती त्याच्या पुढ्यात किक टाकतो, तो छातीवर किंवा डोक्यावर मार्क घेतो, मग मागे सरकून शांतपणे गोलवर किक. लीड एक क्षण लवकर सुरू झाला तर फुल-बॅक, म्हणजे त्याच्यावर नेमलेला बचावपटू, गाठतो, उशीर झाला तर चेंडू आधी पोचतो. किक गोलच्या अगदी बाजूच्या कोनातून असेल तर खांबांमधली फट दिसायला निम्म्याहून अरुंद होते. म्हणून चांगला फुल-फॉरवर्ड लीड अशा दिशेने घेतो की मार्क मिळाल्यावर कोन फार तिरका उरणार नाही.

कोलमनकडे हे होतंच, शिवाय उडी होती. उंची १८५ सेंटिमीटर, वजन ८० किलोच्या आसपास, म्हणजे त्या जागेसाठी काही राक्षसी शरीरयष्टी नव्हे. पण गर्दीच्या मागून धावत येऊन तो बचावपटूच्या खांद्याच्या वर चढायचा आणि चेंडू वरच्या वर पकडायचा. बचावपटूच्या दृष्टीने हे फार अवघड दुखणं. लीड अडवायचा तर त्याच्या पुढे उभं राहावं लागतं, आणि पुढे उभं राहिलं की तो मागून डोक्यावरून झेलतो. मागे उभं राहिलं तर लीडला मोकळं रान. यातून सुटका म्हणून प्रतिस्पर्धी संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं लावत, जर्सी धरत, चेंडू नसताना धक्के देत. त्याचा परिणाम १९५१ मध्ये दिसला (प्रश्न ९).

चेंडू पोचवणारे चांगले असावे लागतात, हेही विसरू नका. एसेंडनचा बिल हचिसन हा त्या काळातला अव्वल रोव्हर होता, म्हणजे झटापटीतून चेंडू बाहेर काढणारा चपळ खेळाडू. १९५२ आणि १९५३ अशा दोन्ही मोसमांचं ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक (प्रश्न १५), त्याच्या नावावर आहे. १९५२ चं बरोबरीत हुकलेलं पदक त्याला पुष्कळ वर्षांनी देण्यात आलं.

७. मोसमवार गोल किती?

१९४९: १००
१९५०: १२०
१९५१: ७५
१९५२: १०३
१९५३: ९७
१९५४: ४२, तेही फक्त ८ सामन्यांत

बेरीज ५३७. यांपैकी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५३ या चार मोसमांत तो लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणारा ठरला. त्या काळी साखळीत १८ किंवा १९ फेऱ्या असत. आजच्या मोसमात त्याहून जास्त सामने होतात, त्यामुळे आजच्या खेळाडूच्या मोसमी बेरजेशी थेट तुलना केली तर कोलमनवर अन्याय होतो.

१९५२ मधली एक गंमत: त्या वर्षी लीगने खेळाच्या प्रसारासाठी एक पूर्ण फेरी नेहमीच्या मैदानांबाहेर खेळवली. एसेंडन विरुद्ध जिलाँग हा सामना ब्रिस्बेनला होता. पावसाने तो शनिवारचा पुढे ढकलून सोमवारी रात्री प्रकाशझोतात घ्यावा लागला. रग्बीच्या शहरात कोलमनने १३ गोल मारले. असं असूनही त्या मोसमात एसेंडन अंतिम चारांत पोचला नाही. म्हणजे १०३ चे १०३ गोल साखळीतले आहेत, बाद फेरीची भर नाही. माझ्या मते १२० च्या मोसमापेक्षा हा मोसम जास्त भारी, कारण १९५० चा एसेंडन संघ वर्षभरात एकच सामना हरला होता. जिंकणाऱ्या संघात गोल मारायला संधी आपोआप जास्त मिळते.

८. १९४९ चं अजिंक्यपद चौथ्या क्रमांकावरून कसं मिळालं?

त्या वेळी लीगमध्ये १२ संघ होते आणि साखळीनंतर पहिले चार बाद फेरीत जात. पद्धत अशी: तिसरा विरुद्ध चौथा ही पहिली उपांत्य लढत, हरला तो बाहेर. पहिला विरुद्ध दुसरा ही दुसरी उपांत्य लढत, जिंकला तो थेट ग्रँड फायनलमध्ये. हरलेल्याला आणखी एक संधी, पहिल्या उपांत्य लढतीच्या विजेत्याशी. तिथे जो जिंकेल तो ग्रँड फायनलचा दुसरा संघ.

म्हणजे चौथ्या संघाला एकही हार न पत्करता सलग तीन सामने जिंकावे लागतात. एसेंडनने आधी कॉलिंगवूडला, मग नॉर्थ मेलबर्नला आणि शेवटी कार्लटनला हरवलं. ग्रँड फायनलचा स्कोअर १८.१७ (१२५) विरुद्ध ६.१६ (५२), फरक ७३ गुणांचा.

सामना लवकर एकतर्फी झाला, तरी प्रेक्षक जागचे हलले नाहीत, कारण कोलमनचे ९४ गोल झाले होते आणि शंभराला सहा हवे होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये, सामना संपत आलेला असताना, सहावा गोल झाला. पदार्पणाच्या मोसमात शंभर गोल मारणारा लीगच्या इतिहासातला तो एकमेव खेळाडू आहे. पुढच्या वर्षी एसेंडनने नॉर्थ मेलबर्नला १३.१४ (९२) विरुद्ध ७.१२ (५४) असं हरवून सलग दुसरं अजिंक्यपद घेतलं.

९. १९५१ मध्ये त्याच्यावर बंदी का आली?

साखळीतला शेवटचा सामना, समोर कार्लटन. कार्लटनचा हॅरी कॅस्पर आणि कोलमन यांच्यात हाणामारी झाली. दोघांचीही तक्रार झाली आणि प्रकरण लीगच्या ट्रायब्युनलपुढे गेलं. दोघांनाही चार-चार सामन्यांची बंदी. सुरुवात कॅस्परने केली आणि कोलमनने परतफेड केली, हे सर्वसाधारणपणे मान्य होतं. पण चिथावणी हा शिक्षेतून सुटण्याचा मार्ग मानला गेला नाही: मारणारा तो मारणारा. सुनावणीनंतर कोलमन रडत बाहेर पडला, त्याला आवरायला माणसं लागली.

चार सामने म्हणजे अख्खी बाद फेरी गेली. कॅस्परला मिळालेली शिक्षा कागदावर तेवढीच होती, पण कार्लटन त्या वर्षी बाद फेरीत नव्हतंच. त्यामुळे सारखी शिक्षा सारखी बसली नाही. एसेंडनचे जुने चाहते यावर अजून चिडतात आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

१०. तो असता तर एसेंडन १९५१ ची ग्रँड फायनल जिंकलं असतं का?

स्कोअर: जिलाँग ११.१५ (८१), एसेंडन १०.१० (७०). फरक ११ गुणांचा, म्हणजे दोन गोलांपेक्षाही कमी. सामन्यामागे पाचाहून अधिक गोल मारणारा माणूस बाहेर बसलेला. तेवढ्यावरून ‘हो’ म्हणायचा मोह होतो.

पण कोलमन खेळला असता तर एसेंडनची बाकीची किकही त्याच्याकडेच गेली असती. त्याच्या जागी इतरांनी मारलेले काही गोल मग झाले नसते. त्याचे सहा गोल या दहांमध्ये सरळ मिळवता येणार नाहीत. तरीही ११ गुणांचा फरक भरून काढायला त्याला सहा मारायची गरज नव्हती, दोन जास्तीचे पुरे होते. पारडं एसेंडनकडे झुकतं, एवढं नक्की म्हणता येतं.

त्या दिवशी एसेंडन किती अडचणीत होतं याचा पुरावा वेगळाच आहे. प्रशिक्षक डिक रेनॉल्ड्स, तीन ब्राउनलो मेडल मिळवलेला पण खेळाडू म्हणून निवृत्त झालेला, राखीव खेळाडूंत नाव घालून बसला आणि शेवटी स्वतः मैदानात उतरला. उपयोग झाला नाही.

११. कारकीर्द संपली ती नेमकी कशाने?

ऐन भराचा काळ होता. १९५४ च्या सातव्या फेरीत त्याने फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल मारले, ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. पुढच्याच शनिवारी, ५ जूनला, विंडी हिलवर नॉर्थ मेलबर्नविरुद्ध पाच गोल झाले असताना त्याचा गुडघा निखळला. तो पुन्हा व्हीएफएल सामना खेळला नाही.

शस्त्रक्रिया झाली, परतण्याचे प्रयत्न झाले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. आज अशा दुखापतीत दुर्बिणीतून गुडघ्याच्या आत पाहतात, तुटलेले अस्थिबंध दुसऱ्या स्नायूच्या दोरीने नव्याने बांधतात आणि साधारण वर्षभराचा ठरलेला व्यायामक्रम देतात. १९५४ मध्ये यातलं जवळजवळ काहीच रुळलेलं नव्हतं. त्यात कोलमनचा खेळ असा की एका पायावर पूर्ण जोर देऊन वर उडायचं आणि गर्दीत कसंही खाली यायचं. चेंडू उचलून पास देणारा खेळाडू अधू गुडघ्याने कदाचित निभावून नेईल, हवेतून मार्क घेणारा नाही.

तेव्हाचा आणखी एक नियम जाता जाता: राखीव खेळाडू दोनच, आणि ज्याच्या जागी ते आले तो परत येऊ शकत नसे. आज सामन्यात सतत चालणारी अदलाबदल १९७८ पासूनची आहे.

१२. इतर मोठ्या गोलवीरांच्या तुलनेत तो कुठे बसतो?

सरासरी घ्या, एकूण गोल नव्हे.

पीटर हडसन: १२९ सामने, ७२७ गोल, सरासरी ५.६४
जॉन कोलमन: ९८ सामने, ५३७ गोल, सरासरी ५.४८
टोनी लॉकेट: २८१ सामने, १३६० गोल, सरासरी ४.८४
जेसन डन्स्टल: २६९ सामने, १२५४ गोल, सरासरी ४.६६
गॉर्डन कॉव्हेंट्री: ३०६ सामने, १२९९ गोल, सरासरी ४.२५

सरासरीत फक्त हडसन पुढे आहे. हडसनचाही गुडघा १९७२ च्या पहिल्याच फेरीत गेला होता, पण तो परतला आणि १९७७ मध्ये ११० गोल मारून गेला. दोन दशकांच्या वैद्यकीय प्रगतीचा फरक इथे दिसतो.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोलमनच्या सरासरीत उतारवयाचे मोसम नाहीत. लॉकेट आणि कॉव्हेंट्री तिशी ओलांडून खेळले आणि तरी सरासरी चारच्या वर राखली. कोलमनला लॉकेटचे १३६० गाठायला त्याच वेगाने सुमारे २५० सामने लागले असते, म्हणजे आणखी आठ-नऊ मोसम, वयाच्या तेहतीस-चौतीसपर्यंत, वेग तसूभर न घटवता. असं कोणाला साधत नाही. ‘दुखापत झाली नसती तर सगळे विक्रम त्याचेच असते’ हे वाक्य म्हणून जपूनच वापरावं.

१३. मोसमात १५० आणि सामन्यात १८ गोल हे विक्रम त्याचे आहेत का?

नाहीत, ही सर्रास होणारी गल्लत आहे. मोसमातले १५० गोल दोघांच्या नावावर आहेत, साउथ मेलबर्नचा बॉब प्रॅट (१९३४) आणि हॉथॉर्नचा हडसन (१९७१). एका सामन्यात १८ हे मेलबर्नच्या फ्रेड फॅनिंगचे, १९४७ मधले. कोलमनचे मोठे आकडे तीन: पदार्पणातले १२, मोसमातले १२०, सामन्यातले १४.

१४. कोलमन मेडल कशासाठी देतात? स्वतः कोलमनला ते मिळालं होतं का?

साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल मारणाऱ्याला. बाद फेरीतले गोल धरत नाहीत, म्हणून एखाद्या खेळाडूची मोसमाची बेरीज सर्वांत जास्त असूनही मेडल दुसऱ्याला जाऊ शकतं. जुन्या याद्या चाळताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळ उडतो.

हे नाव १९८१ मध्ये, कोलमनच्या मृत्यूनंतर दिलं गेलं. पुढे लीगने मागच्या मानकऱ्यांनाही ते लागू केलं, पण १९५५ पर्यंतच मागे जाऊन, म्हणजे कोलमनच्या शेवटच्या मोसमानंतरच्या वर्षापर्यंत. त्याच्या आधीच्यांसाठी ‘लीडिंग गोलकिकर मेडल’ असं साधं नाव ठेवलं. त्यामुळे कोलमन मेडलच्या यादीत कोलमनचं नाव सापडणार नाही. ती चूक नाही.

१५. ब्राउनलो मेडल कधी मिळालं का?

नाही. ब्राउनलो हे मोसमातल्या सर्वोत्कृष्ट आणि स्वच्छ खेळाडूला पंचांच्या मतांवर मिळतं, आणि पंचांचं लक्ष मुळात मधल्या फळीवर असतं, कारण चेंडू तिथेच जास्त वेळ असतो. फुल-फॉरवर्डला ते मिळणं ही मोठी अपूर्वाई. लॉकेटला १९८७ मध्ये मिळालं, तेही जॉन प्लॅटनबरोबर विभागून. शिवाय बंदी आलेला खेळाडू त्या मोसमापुरता अपात्र ठरतो, म्हणजे १९५१ चा प्रश्नच नव्हता.

१६. प्रशिक्षक म्हणून त्याने काय केलं?

१९६१ मध्ये रेनॉल्ड्सच्या जागी तो एसेंडनचा प्रशिक्षक झाला, वय ३२. १९६७ पर्यंत सात मोसम. १९६२ मध्ये एसेंडन साखळीत अव्वल होतं आणि ग्रँड फायनलमध्ये कार्लटनला १३.१२ (९०) विरुद्ध ८.१० (५८) असं हरवलं. १९६५ चं यश मात्र जास्त कौतुकाचं: संघ पुन्हा चौथ्या क्रमांकावरून आला, प्रश्न ८ मधलाच खडतर रस्ता, आणि शेवटी सेंट किल्डाला १४.२१ (१०५) विरुद्ध ९.१६ (७०) हरवलं. टेड फोर्डमने त्या दिवशी सात गोल मारले. प्रशिक्षकाची मोहीम खेळाडू असतानाच्या मोहिमेची नक्कल वाटावी इतकी सारखी होती, पण संघ पूर्ण वेगळा. प्रकृतीच्या कारणाने तो १९६७ नंतर थांबला.

१७. एवढा मोठा खेळाडू, मग पैसे किती मिळायचे?

आजच्या हिशेबाने नगण्य. १९३० पासून व्हीएफएलमध्ये ‘कोल्टर लॉ’ नावाचा नियम होता. क्लबने खेळाडूला सामन्यामागे ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे द्यायचे नाहीत. सुरुवातीला ही मर्यादा तीन पौंड होती, नंतर थोडी वाढली. म्हणजे बारा गोल मारणारा आणि एकही न मारणारा यांना कागदोपत्री सारखंच मानधन. प्रत्येकाची दुसरी नोकरी किंवा धंदा असायचा आणि सराव संध्याकाळी कामानंतर. कोलमन हॉटेल व्यवसायात गेला. ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ म्हणजे मुख्यतः दारूचा परवाना असलेला पब, वर मुक्कामाच्या खोल्या. खेळाडूचं नाव दारावर असलं की गिऱ्हाईक येतं, हे तेव्हाचं ठरलेलं गणित होतं.

१८. त्याचा मृत्यू कधी आणि कशाने झाला?

५ एप्रिल १९७३ रोजी, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या ड्रोमाना इथे, हृदयविकाराने. वय ४४.

१९. ५३७ मध्ये नक्की काय धरलंय? काही ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

एसेंडनकडून व्हीएफएलमध्ये खेळलेले साखळी आणि बाद फेरी असे दोन्ही सामने. व्हिक्टोरिया राज्यासाठी खेळलेले आंतरराज्य सामने, सराव सामने आणि हेस्टिंग्जचे २९६ गोल यांत नाहीत. कोणी ‘आठशेहून अधिक’ असं लिहिलं असेल तर त्याने बहुधा हेस्टिंग्ज मिळवलं आहे: ५३७ अधिक २९६ म्हणजे ८३३. बेरीज बरोबर, पण दोन वेगळ्या दर्जांच्या लीग एकत्र केल्यामुळे ती कशाशीच ताडून पाहता येत नाही.

२०. मेलबर्नला राहतो. त्याच्याशी संबंधित काय पाहता येईल?

एमसीजीच्या बाहेर यारा पार्कात पुतळ्यांची रांग आहे, तिथे शेन वॉर्नच्या सोबतीला कोलमनही आहे, मार्क घेताना. यासाठी तिकीट लागत नाही. सामन्याच्या दिवशी गर्दीत फोटो काढता येत नाही, आडवारी सकाळी जा.

विंडी हिल एसेंडन उपनगरात नेपियर स्ट्रीटवर आहे. क्रेगीबर्न मार्गावरच्या एसेंडन स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. १९९१ नंतर इथे लीगचे पुरुषांचे सामने होत नाहीत आणि क्लबचं मुख्य सराव केंद्र २०१३ च्या अखेरीपासून विमानतळाजवळ टलामरीनला गेलं आहे. जुनं मैदान मात्र जागेवर आहे. टलामरीनला जाऊन ‘१९४९ चं मैदान कुठे?’ असं विचारणारे भेटतात, तो फेरा वाचवा.

हेस्टिंग्जला जायचं तर फ्रँकस्टनपर्यंत नेहमीची लोकल, तिथे गाडी बदलून स्टोनी पॉइंटची डिझेल गाडी. तिच्या फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा. गावात त्याचा पुतळा आहे.